आतली माया

मंद्रूपहून गाठोडं आलं तेव्हा बसम्मा दारात बसून एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजला हूक लावत होती. भाजीच्या टेम्पोवाल्यानं ते सोलापुरातल्या भवानी पेठेत तिच्या घरासमोर उतरवलं आणि "पार्वतम्मानं दिलंय" एवढं सांगून तो निघून गेला. आत महेश्वरीचे ड्रेस होते. महेश्वरी म्हणजे बसम्माची थोरली लेक. श्रावण लागायच्या आधी ती गेली, आणि गाठोडं आलं तेव्हा पेठेतले दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरलेही नव्हते.

गाठोड्यामागोमाग पार्वतम्माचा फोन आला. ही महेश्वरीची सासू. हिचा आवाज इतका गोड की ऐकणाऱ्याला आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटावं.

"कापड लई चांगलं हाय ओ, टाकून कशाला द्यायचं? शिवलीलाच्या अंगाला बसवून घ्या. आन् रविवारी आमी सुपारी फोडायला येतो की, तवा त्यातलाच एक घालू द्या तिला. आईचा ड्रेस दिसला की चिन्नी लगेच रुळंल बघा."

"व्हय, घेते बसवून," बसम्मा म्हणाली. दुसरं काय म्हणणार? महेश्वरीच्या लग्नापासून मंद्रूपच्या प्रत्येक वाक्याला तिनं 'व्हय'च म्हटलं होतं.

शिवलीला धाकटी. युनिफॉर्म शिवणाऱ्या एका गारमेंटमध्ये ती चेकिंगच्या टेबलावर काम करायची. दिवसभर शर्ट-चड्ड्या उलट्या करून शिवण बघायची, वाकडी टीप दिसली की खडूची फुली मारून माल परत पाठवायचा. महेश्वरीअक्का गेल्यावर महिनाभरात मोठ्या माणसांनी ठरवून टाकलं की तिच्या नवऱ्याला, शरणबसवला, दुसरी बायको बाहेरून आणण्यापेक्षा मेव्हणीच बरी. महेश्वरीची लेक चिन्नी तीन वर्षांची, तिला सावत्र आई कशाला? मावशी म्हणजे आईच की. शिवलीलाला कुणी विचारलं नाही असं नाही, विचारलं. वडील अण्णाराव जेवता जेवता म्हणाले, "चिन्नीसाठी बघ बाई." चिन्नीचं नाव काढल्यावर तिनं हातातला घास ताटात ठेवला आणि ती गप्प बसली. तो होकार समजून दुसऱ्या दिवशी मंद्रूपला निरोपही गेला. पोरगी गप्प बसली की तिला पसंत आहे असं समजायची सोय आपल्याकडे फार जुनी आहे.

तर ते गाठोडं. संध्याकाळी कामावरून आल्यावर बसम्मानं तिच्यापुढे निळा ड्रेस टाकला. "घालून बघ. कुटं कुटं सोडायचा ते कळंल."

शिवलीलानं डोक्यातून ड्रेस घातला आणि तो छातीवरच अडकला. हात मुंढ्यातून पुढे जाईनात. ओढाताण केली तशी कुठेतरी टर्र वाजलं. शेजारची बाई फॉल-पिकोची साडी न्यायला आली होती, ती फिसकन हसली. "अय्या, शिवलीला, कमी खा की गं जरा! तुझी अक्का बघ कशी शेवग्याच्या शेंगंसारखी होती."

"जाडच झालीया," बसम्मा म्हणाली. "बसून काम करती न्हवं दिवसभर."

शिवलीला आतल्या खोलीत गेली, कसाबसा ड्रेस काढला आणि आरशात बघून घेतलं. मेलेल्या बहिणीचा ड्रेस आपल्याला होत नाही याची लाज वाटावी, आणि त्या लाजेची पुन्हा चीड यावी, असं तिचं झालं. मग एक गोष्ट आठवली. हा निळा ड्रेस तिनं आधी घातला होता. अक्काच्या लग्नात अव्वानं, म्हणजे आईनं, तिला म्हणून जे ड्रेस शिवले त्यातलाच हा, आणि हळदीच्या आदल्या दिवशी शिवलीलानं तो अक्काच्या आधी घालून गल्लीभर मिरवला होता. अक्कानं त्यावरून भांडण काढलं होतं. दोघी बहिणी एका मापाच्या, आणि कुणाचा कपडा कुणाच्या अंगावर याला कधी धरबंध नव्हता. कॉलेजातली जीन्स तिला अजून होत होती. मग ती जाड कधी झाली?

"अव्वा, तवा हा मला होत होता की."

"तवाची गोष्ट येगळी," बसम्मा म्हणाली आणि मशीनवर वाकली. "माझ्या अंगावर लई काम पडलंय. लग्नाचे ब्लाऊज द्यायचेत सगळे. तू नुसतं उसवून ठेव, मी टीप मारते."

बसम्माकडे कामाची कधी वाण नव्हती, आणि त्याला कारण होतं. कपडा आत घ्यायचा म्हणजे टीप मारायची आणि टिपेबाहेरचं जास्तीचं कापड कापून टाकायचं, असं बाकीचे शिंपी करतात. शिवण सुबक दिसते. बसम्मा ते कापड कधी कापायची नाही. शिवणीबाहेर ठेवलेल्या त्या कापडाला माया म्हणतात. "माया कापली की कपडा मेला," ती गिऱ्हाइकांना सांगायची. "उद्या अंगावर आलात तर सोडायचं कुटनं?" बाळंतिणी, लग्न ठरलेल्या पोरी, पथ्यावर असलेल्या बाया, सगळ्या म्हणून तिच्याकडे यायच्या. मी कुणाची माया कापत न्हाई, हे ती अगदी मानेला झटका देऊन म्हणायची.

शिवलीला चटईवर बसली, निळा ड्रेस उलटा केला आणि काखेखालून ब्लेड लावलं. टीप कराकरा सुटत कमरेपर्यंत आली. तिनं ड्रेस पसरला. बोटभर सैल झाला असेल. आत बघितलं तर तिच्या बाहेर दुसरी टीप होती.

तीही उसवली. तिच्याबाहेर आणखी एक.

आता तिचे हात सावकाश चालायला लागले. तिसरी टीप उसवली तेव्हा कुठे लग्नातली मूळ शिवण लागली. तिनं हिरवा ड्रेस ओढला, उलटा केला. तिथेही तेच. अबोली रंगाचा, तिथेही तेच. प्रत्येक ड्रेसला एकात एक टिपा, दोन्ही बाजूंनी, आणि शेवटच्या टिपेत तर बाह्यासुद्धा दाबलेल्या. मूळ शिवणीपासून शेवटच्या टिपेपर्यंत तिची चार बोटं बसत होती. एका बाजूला चार बोटं, दुसऱ्या बाजूला चार बोटं. एवढी तिची अक्का मंद्रूपच्या घरात कमी झाली होती.

खालचा दोरा सगळीकडे पांढरा. कापड निळं असो की अबोली, बॉबीन बदलायचा बसम्माला कंटाळा, म्हणून तिच्या शिवणीत वरचा दोरा रंगाचा आणि खालचा नेहमी पांढरा. शिवलीलानं लहानपणापासून शाळेच्या फ्रॉकात तो पाहिलेला. म्हणजे या टिपा मंद्रूपच्या कुठल्या शिंप्याच्या नव्हत्या. याच घरात, याच मशीनवर पडल्या होत्या.

मग एकेक आठवायला लागलं. पहिली टीप गेल्या वर्षीच्या पंचमीची असणार. अक्का माहेरपणाला आली होती, मेंदी लावून झोक्यावर बसली होती, आणि सगळ्या गल्लीनं तिचं कौतुक केलं होतं. बाळंतपणानंतर कशी छान बारीक झाली! दुसरी जानेवारीतली. गड्ड्याची जत्रा बघायला आली होती, पाळण्यात बसायला नको म्हणाली, चक्कर येते म्हणाली. पावभाजीची प्लेट शिवलीलानंच संपवली. आणि विचारलं काय, तर "अक्का, मला पण सांग की काय डाएट करतीस!" अक्का हसली होती. तिसरी उन्हाळ्यातली, मंद्रूपला द्राक्षं वाळवून बेदाणा करायचे दिवस होते. अक्का सकाळी आली, गाठोडं मशीनजवळ ठेवलं, म्हणाली, "अव्वा, बाह्या पण दाब. घसरतायत." दुपारी स्वयंपाकघरात मायलेकी हळू आवाजात काही बोलत होत्या. शिवलीला मोबाईल बघत बाहेर पडली होती. "चार दिवस राहू का?" एवढं एक वाक्य तिच्या कानावर आलं होतं. संध्याकाळी अक्का परत गेली. ड्रेस अंगाला अगदी चापून बसला होता. गल्लीच्या तोंडाशी वळून तिनं हात केला, आणि शिवलीलाला वाटलं होतं, काय दिसते ही, एखाद्या हिरॉइनसारखी!

त्यानंतर साधा ताप आला आणि ती गेली, असं सगळे सांगत होते. मंद्रूपचेही तेच, सोलापूरचेही तेच. तापाचं काय, तो कुणालाही येतो.

शिवलीलानं सगळे ड्रेस उचलले आणि मशीनवर आईच्या हाताखाली टाकले. अर्धा ब्लाऊज सुईखालीच राहिला.

"हे तू केलंस?"

"काय?"

"ह्या टिपा. एकात एक. पंचमीची, गड्ड्याची, उन्हाळ्यातली."

बसम्मानं ड्रेसकडे बघितलंच नाही. "धुऊन धुऊन कापड सुटतं, सैल होतं."

"मी चेकिंगला आहे, अव्वा. मला कापड शिकवू नको. कापड सुटलं नव्हतं, अक्का वाळत होती. आणि तू दर वेळी टीप मारून दिलीस."

बसम्मा पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "पोटात दुखतंय म्हनायची. जेवान जात न्हाई म्हनायची. मी काय डाक्टर हाय?"

"मग डॉक्टरकडे का नाही नेलंस?"

"कसं नेणार? पार्वतम्मा म्हनली, माहेरानं दवाखाना केला तर गावात आमची इज्जत काय ऱ्हाते? आमी उपाशी ठेवतो का सुनंला? बेदाण्याचं काम झालं की आमीच दावतो, म्हनली. मला वाटलं, दावतील की."

"आणि चार दिवस राहू का म्हणाली, तवा?"

हे पोरीनं ऐकलंय हे बसम्माला ठाऊक नव्हतं. तिचा चेहरा एकदम पडला, आणि मग ती चिडली. "लग्न झालेली पोरगी कामाच्या दिवसात माहेरी बसली तर लोकं काय म्हनतील? मला काय ठावं ती मरंल म्हनून? माझ्या काळजाला काय वाटत नसंल? सैल ड्रेस घालून ती गावात फिरली असती तर धा जणींनी धा प्रश्न विचारले असते. मी तिचं झाकलं गं!"

"व्हय," शिवलीला म्हणाली. "इतकं चांगलं झाकलंस की मलासुद्धा दिसलं नाही."

त्या रात्री अण्णारावांनी दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघितलं, आणि बातम्यांचा आवाज मोठा केला.

रविवारी मंद्रूपची माणसं बोलेरोतून आली. पार्वतम्मा, शरणबसव, दोन-तीन पाहुणे आणि चिन्नी. बसम्माला वाटत होतं पोरगी तोंड दाखवणार नाही. पण शिवलीला आली, आणि निळाच ड्रेस घालून आली. तिनं तो स्वतःच मूळ शिवणीपर्यंत सोडून घेतला होता. अंगाला अगदी बरोबर बसला होता, लग्नाच्या वेळी बसला होता तसाच. फक्त काखेपासून खाली दोन्ही बाजूंना गडद पट्टे दिसत होते. बाकीचा ड्रेस उन्हानं, धुण्यानं विटलेला आणि इतके दिवस आत दडलेलं कापड कोऱ्यासारखं निळंभोर. पट्ट्यांवर सुईच्या भोकांच्या ओळी होत्या.

"हे पट्टे कसले ओ?" पार्वतम्मानं नाक मुरडलं. "बसवलेला दिसत न्हाई नीट."

"बसवलेलाच आहे," शिवलीला म्हणाली. "ही पहिली ओळ पंचमीची. ही जानेवारीची. ही उन्हाळ्याची. अक्का तुमच्या घरात किती संपली, ते मोजायला सोपं जावं म्हणून तसंच ठेवलंय."

खोलीत सुपारीचं तबक होतं, हळद-कुंकू होतं. शरणबसव फरशीकडे बघत होता. बसम्मा लगबगीनं उठली, खुंटीवरची ओढणी काढून पोरीच्या अंगावर घालायला लागली. "थट्टा करती ती," ती पाहुण्यांना म्हणाली. शिवलीलानं ओढणी काढून तिच्याच हातात दिली.

"मला हे लग्न करायचं नाही. हे मी आधीच बोलायला पाहिजे होतं."

एवढ्यात चिन्नी आजीच्या मांडीवरून उतरली आणि "अव्वाचा ड्रेस!" म्हणत धावत येऊन शिवलीलाच्या पायांना बिलगली. तोंड ड्रेसात खुपसून घट्ट उभी राहिली. पार्वतम्माचा हिशोब चुकला नव्हता. पोरगी खरंच लगेच रुळली. नाही म्हणायला जेवढा जोर लावला होता तो सगळा ओसरतोय असं शिवलीलाला वाटलं. तिनं चिन्नीला उचललं. पोर हाताला फारच हलकी लागली. काखेखाली धरलेल्या बोटांना काहीतरी टोचलं, तेव्हा तिनं फ्रॉकची कड उलटून बघितली.

काळ्या दोऱ्याची हातशिलाई होती. वेडीवाकडी, मोठ्या टाक्यांची, दोन्ही बाजूंनी. फ्रॉक आत घेतलेला होता.

चेकिंगच्या टेबलावर तिनं लहान पोरांचे हजारो कपडे बघितले होते. लहान पोरांच्या कपड्यांना मुद्दाम सैल शिवतात, खाली मोठी दुमड ठेवतात, कारण पोर वाढतं. वाढत्या पोरीचा फ्रॉक कुणी आत घेतं का?

"हा मागच्या दिवाळीचा ना?" तिनं विचारलं. "अक्कानं पाठवलेल्या फोटोत होता. वर्ष झालं. लहान व्हायला पाहिजे होता हा."

"खात न्हाई ओ मेली," पार्वतम्मा म्हणाली. "आईसारखंच. नुसती नाटकं."

शिवलीलानं चिन्नीला मशीनवर बसवलं, ब्लेड घेतलं आणि सगळ्यांसमोर ते काळे टाके उसवले. "हलू नको हं, राणी." मग तिला खाली उभं केलं. फ्रॉक एका खांद्यावरून घसरला आणि पोरीच्या गळ्याखालची हाडं सगळ्यांना दिसली. दारात गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. शेवग्याच्या शेंगेची उपमा देणारी शेजारीणही त्यात होती. ती हसली नाही.

"बघा," शिवलीला म्हणाली. "ही इथं राहणार. उद्या हिला मी दवाखान्यात दाखवणार. कुणाची इज्जत जायची ती जाऊ दे."

"लग्न न्हाई तर पोरगीबी न्हाई!" पार्वतम्माचा आवाज आता गोड राहिला नव्हता. "तू कोण लागून गेलीस? उठ रे शरणबसव, उचल पोरीला."

शरणबसव उठला. दारातल्या बायकांनी त्याला वाट करून दिली नाही. त्यानं पोरीकडे बघितलं, तिच्या घसरलेल्या फ्रॉककडे बघितलं, मग शिवलीलाच्या अंगावरच्या त्या गडद पट्ट्यांकडे. आल्यापासूनचं पहिलं वाक्य तो आता बोलला.

"राहू दे चार दिवस."

एवढंच. शिवलीलाला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण तिच्या अंगाची लाही लाही झाली. चार दिवस! किती सहज म्हणाला. तोंड उघडलं आणि शब्द बाहेर पडले, काही कोसळलं नाही, कुणाची इज्जत रस्त्यावर पडली नाही. हेच त्यानं उन्हाळ्यात एकदा फोन करून म्हटलं असतं, किंवा स्वयंपाकघरात अव्वानं म्हटलं असतं, तर अक्का आज याच चटईवर बसून ड्रेसवरून भांडली असती.

बोलेरो गेली. सुपारी तबकात तशीच राहिली, अण्णारावांनी ती उचलून डब्यात टाकली. शिवलीलानं चिन्नीला दूधभात कालवून दिला. दोन घास गेले, तिसरा तिनं तोंडातच धरून ठेवला. शिवलीला समोर बसून राहिली.

बसम्मा मघापासून आत-बाहेर करत होती. शेवटी मशीनजवळ आली, सुईत दोरा ओवला. खालचा दोरा पांढराच होता.

"तो फ्रॉक काढून दे हिकडं," ती म्हणाली. "जरासा आत घेते. खांद्यावरनं घसरतोय, बरं दिसत न्हाई. उद्या दवाखान्यात चार माणसं बघतील."

"बघू देत. सैलच राहू दे."

"अगं, मी माया न्हाई कापत," बसम्मा काकुळतीला येऊन म्हणाली. "आत तशीच ठेवते. पोरगी भरली की सोडता येतीय की परत."

शिवलीलानं चिन्नीच्या ओठावरचं शीत पुसलं.

"अक्काची पण नव्हती कापलीस, अव्वा."